ओळ उचलणारी

"टाका कुठं हाय गो?" वेणूनं विचारलं आणि चंद्रावतीची छाती निरखून पाहिली.

"टाका नाय न् काय नाय. मांडीतून नली घातली, पार कालजापरत नेली, न् झडपेला चिमटा लावला," दवाखान्याच्या पलंगावर ऐसपैस बसलेली चंद्रावती म्हणाली. "परवा केलं. उद्या घरी."

अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई. महिन्यापूर्वी न्हाणीपर्यंत जाताना तीनदा भिंतीला टेकायची. या वयात झेपणार नाही म्हणून डॉक्टर तिची छाती उघडायला तयार नव्हते. आणि आता एका दमात अख्खी हकिकत सांगत होती! वेणूच्या अंगाचा तिळपापड झाला. आणलेलं शहाळं तिनं टेबलावर जरा जोरातच ठेवलं.

दोघी तळोज्याकडच्या एकाच गावच्या, दोघी धवलारणी, लग्नगीतं गाणाऱ्या. गावात आगऱ्यांचं लग्न निघालं की हळदीपासून धवले गायचे ते यांनीच. चंद्रावती ओळ टाकणार, वेणू ती उचलणार. चाळीस वर्षं वेणूला हेच सलत होतं. आवाज आपला चांगला, मान मात्र तिचा.

दम तर वेणूलाही दोन वर्षं लागत होता. पण चंद्रावतीनं आपलं दुखणं गावभर केलं, वेणूनं लपवलं. श्वास पुरला नाही की ती हळदीचं ताट सारखं करायला वाकायची आणि अर्धी ओळ तिथंच गिळायची. कुणाला कळलं असतं तर तिच्या जागी सत्यवतीला बसवलं असतं. सत्यवती पंचावन्नची, कधीपासून टपून बसलेली.

पुढच्याच आठवड्यात वेणू मुलाला, हरेशला घेऊन त्याच डॉक्टरांपुढे जाऊन बसली. "चंद्रावतीला लावलाव तसाच चिमटा मना पन लावा."

डॉक्टरांनी तपासण्या केल्या. रिपोर्ट पाहिले. "आजी, हृदय फार ताणलंय तुमचं. झडपेचे पडदे एकमेकांपासून लांब गेलेत, चिमट्यात येणार नाहीत. दोन वर्षं आधी आला असतात तर जमलं असतं."

"मंग छाती उघडा."

"तुमच्या किडन्यांना ते सोसणार नाही. आता गोळ्यांवरच भागवायचं."

"आये, बोलली का नाय आमाला?" रिक्षात हरेश रडकुंडीला आला. वेणूला त्या क्षणीही राग आला तो चंद्रावतीचाच.

महिन्याभरानं चंद्रावतीच्या नातीची, मनस्वीची हळद होती. चंद्रावतीनं ओळ टाकली, खणखणीत. वेणूनं ती उचलली आणि तिसऱ्याच शब्दाला तिचा श्वास संपला. ताटाकडे वाकण्याइतकंही बळ नव्हतं. धवला तिथंच तुटला.

चंद्रावतीनं झटकन आपल्या छातीवर हात ठेवला. "थांबा गो बायांनो. मना दम लागला."

बायका पाणी घेऊन तिच्याकडे धावल्या. ते खोटं होतं, आणि ते ओळखणारी मांडवात एकटी वेणूच होती. इथंही हिनंच वरचढ व्हावं? वेणूला इतका राग आला की डोळे भरून आले.

पाणी पिऊन झालं तरी चंद्रावती पुढची ओळ टाकेना. ती वेणूसाठी थांबली होती. वेणू सावकाश पाटावरून उठली.

"सत्यवती, इथं येऊन बस," ती म्हणाली. "ओल उचल. न् घाई नको करू."

मग मागं जाऊन ती मांडवाच्या खांबाला टेकून बसली. सत्यवतीनं ओळ उचलली, आणि चांगली उचलली. वेणूला ते अजिबात आवडलं नाही.