तीर्थावर पेटणारा दिवा

भर दुपारी दोन वाजता, डोक्यावर ऊन आग ओतत असताना, जलज्योती महाराजांनी मैंदर्गीच्या बाजारतळावर अंधार करून ठेवला होता. पत्र्याच्या मंडपाला आतून काळं कापड ठोकलेलं. दार लावलं की शेजारच्याचं नाक दिसत नसे. त्या भट्टीत दोन-अडीचशे माणसं घाम पुसत, श्वास रोखून बसली होती. पहिल्या रांगेत माझी आई, चंद्रव्वा. शेवटच्या रांगेत मी, सोमशेखर. स्टँडजवळ माझं सोलार पॅनेल आणि बॅटऱ्यांचं दुकान आहे, त्यामुळे असल्या चमत्कारांकडे मी गिऱ्हाईक फुटल्याच्या नजरेनं बघतो, हे आधीच कबूल करतो.

महाराजांच्या पुढ्यात पाटावर तांब्याएवढा एक पांढरा प्लास्टिकचा दिवा होता.

“वायर आहे?” महाराजांनी विचारलं.

“न्हाय!”

“सूर्य आहे?”

“न्हाय!”

“लाइट बिल?”

“न्हाय!” हा आवाज सगळ्यांत मोठा होता.

त्यांनी दिव्यात बाटलीबंद पाणी ओतलं. अंधार. ते पाणी फेकून देऊन कमंडलूतलं तीर्थ ओतलं. दिवा लखकन पेटला आणि मंडपात ‘जय जलज्योती’चा गजर उठला. माझ्या आईचे डोळे भरून आले होते, ते त्याच उजेडात मला दिसलं.

“सात समुद्रांचं तीर्थ आहे हे!” महाराज सुरू झाले. “समुद्रमंथनातून चौदा रत्नं निघाली, एवढंच तुम्हाला शिकवलं. पंधरावं रत्न होतं वीज. ऋषींनी ते लपवलं, कारण तेव्हा मीटर नव्हते. आता ते सोलारवाले! सूर्याच्या जिवावर उड्या मारतात. सूर्य संध्याकाळी घरी जातो. माझं तीर्थ घरी जात नाही. ह्यात क्वांटम कंपन आहे. जे पाणी प्लास्टिकमध्ये प्राण फुंकतं, ते तुमच्या देहात काय करील? बीपी, शुगर, गुडघे, सगळ्यांत ज्योत पेटेल. सकाळी एक तांब्या, संध्याकाळी एक तांब्या. आणि गोळ्या बंद! एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत.”

मला राहवेना. मी उभा राहिलो. “महाराज, दिवा उघडून बगू का?”

ते नाही म्हणतील आणि तिथंच त्यांची लबाडी उघडी पडेल, असा माझा हिशोब होता. पण ते हसले. “ये बाळ. खुशाल उघड.”

खिशात स्क्रू-ड्रायव्हर होताच. दार उघडून घेतलं, दिव्यातलं तीर्थ ओतून टाकलं आणि तो खोलला. एक छोटा बल्ब, नखाएवढं सर्किट, एक करडी धातूची पट्टी, तिच्यासमोर एक काळा पत्रा आणि पाण्याचा रिकामा कप्पा. बस. सेल नाही. उलटा केला, हलवला, बुडाला नख लावून बघितलं. बॅटरी कुठंच नाही.

“सापडली का रे?” महाराज म्हणाले. “मंडळी, दिवा तीर्थानं पेटतो. हा पोरगा मात्र दुसऱ्याचं चांगलं बघून पेटतो!”

सगळा मंडप हसला. वाटेत आई एवढंच म्हणाली, “चारचौघांत माजी मान खाली घातलीस सोम्या. देवाला बी स्क्रू-ड्रायव्हर लावतूस व्हय?”

तिनं दिवा घेतलाच, जोडीला तीर्थही. दर आठवड्याला तो ‘शुद्धी’साठी परत न्यायचा होता. चेले पडद्यामागं नेत, मंत्र म्हणत आणि परत देत. मी रुसून बसलो. हरलेल्या माणसाचा राग फार आळशी असतो. अकरा दिवस मी तिच्याशी कामापुरतंच बोललो. तिचे पाय सुजलेले दिसले, पण “उन्हाचं हाय” असं ती म्हणाली आणि मी ऐकून घेतलं.

बाराव्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात काहीतरी पडल्याचा आवाज आला. आई चुलीपुढं बसली होती, तव्यावर भाकरी करपत होती आणि तिचा डावा हात पिठाच्या परातीत मेल्यासारखा पडला होता. तोंड एका बाजूला ओढलेलं. मला हाक मारायचा ती प्रयत्न करत होती आणि माझं नाव तिच्या तोंडातून नीट निघत नव्हतं.

शेजाऱ्याच्या गाडीतून आधी अक्कलकोट, तिथून सोलापूर. डॉक्टरीणबाईंनी बीपी मोजलं, वरचं दोनशेवीस. “गोळ्या कधीपासून बंद आहेत?”

“बंद? चालू हायत की,” मी म्हणालो.

आईनं मान हलवली. नाही.

तिच्या पिशवीत तीर्थाची बाटली होती. डॉक्टरांनी दोन थेंब जिभेवर ठेवले. “हे मिठाचं पाणी आहे. बीपीच्या माणसाला आम्ही पापड-लोणचंसुद्धा सांभाळून खायला सांगतो. ह्या रोज किती प्यायल्या?”

“दोन तांबे,” मी म्हणालो.

मला जमीन फाटावी असं वाटलं. तीर्थ खारट आहे हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. सात समुद्रांचं म्हटल्यावर खारट असणारच, असं म्हणून प्रत्येकानं जिभेची समजूत घातली होती. मीसुद्धा!

आई दवाखान्यात होती ते दिवस मी त्या दिव्याकडं दात-ओठ खात बघत काढले. शेवटी तो घेऊन हायस्कूलच्या आफरीन मॅडमकडं गेलो. त्या विज्ञान शिकवतात, त्यांच्या गच्चीवरचे पॅनेल मीच बसवलेत. त्यांनी दिवा उघडला आणि विचारलं, “तुम्ही काय शोधत होता?”

“लपवलेली बॅटरी.”

“म्हणून सापडली नाही. सोमशेखर, ह्यात बॅटरी लपवलेली नाही. हा अख्खा दिवाच बॅटरी आहे.”

त्यांनी करडी पट्टी प्रयोगशाळेच्या काट्यावर ठेवली. बत्तीस ग्रॅम. मग साध्या पाण्यात स्वयंपाकाचं मीठ ढवळून दिव्यात ओतलं. पेटला. “उद्या ह्याच वेळेला या.”

दुसऱ्या दिवशी पट्टी धुऊन पुसून तोलली. सव्वीस ग्रॅम. कडा कुरतडल्यासारख्या झाल्या होत्या आणि कप्प्याच्या तळाला पांढरी पेज साचली होती.

“सहा ग्रॅम गेली कुठं?” मॅडम म्हणाल्या. “दिव्यानं खाल्ली. ही मॅग्नेशियमची पट्टी आहे. तुमचा सोलार सेल उजेड खातो आणि वीज देतो. फ्युएल सेल म्हणजे इंधनावर चालणारा सेल, त्याला एका बाजूनं हायड्रोजन द्यायचा, दुसऱ्या बाजूनं हवा. वीज मिळते आणि धुराच्या जागी निघतं पाणी. ह्या दिव्यात हायड्रोजनच्या जागी धातू आहे. काळा पत्रा हवा आत घेतो. मीठपाणी नुसता रस्ता आहे, त्यावरून विजेचे कण ये-जा करतात. बाटलीतल्या पाण्यात मीठ जवळजवळ नसतं, म्हणून रस्ता बंद. इंधन म्हणजे ही पट्टी. ती झिजली की नवी घालायची.”

“म्हंजे शुद्धी!”

“पडद्यामागची,” त्या हसल्या. मग गंभीर झाल्या. “पण मंडपात हे मी सांगितलं तर दिवा राहील बाजूला, लोक माझं नाव बघतील. तुमचं बोलणं तर त्यांनी आधीच धंद्यावर नेलंय.”

आई घरी आल्यावर तिला मी सगळं सांगितलं. पट्टी हातात दिली. तिनं उजव्या हातानं तिच्या कडा चाचपल्या. मग म्हणाली, “मी जाते.”

“अव्वा, तुला बरं न्हाय. मी बोलतो.”

“तुजं कोण ऐकतंय? तू सोलार इकतूस. मी काय बी इकत न्हाय.”

पुढच्या शुद्धीच्या दिवशी तिला रिक्षातून नेलं. मॅडम मागं बायकांत बसल्या. आईला बघून महाराज गडबडले, पण तोंड थांबलं नाही. “बघा! माता मृत्यूच्या दारातून परत आली. तीर्थाचा प्रताप!”

“व्हय महाराज,” आई अडखळत म्हणाली. “म्हनूनच आले. मला बी एक चमत्कार करायचाय.”

लोक सरसावून बसले. तिनं दिवा पुढ्यात ठेवला, पदराखालून बरणी काढली आणि कैरीच्या लोणच्याचा खार दिव्यात ओतला. मंडपभर मोहरी-हिंगाचा वास सुटला आणि दिवा पेटला.

“माजं लोनचं बी सिद्ध झालं की!”

हशा पिकला. महाराजांनी हात वर केले. “भक्तीची शक्ती! मातेच्या हाताला माझा स्पर्श झालेला आहे!”

“बरं. मग आता तुमच्या हातानं.” मी स्क्रू आधीच ढिले करून ठेवलेल्या दिव्यातून आईनं एका हातानं करडी पट्टी उपसली आणि कनवटीला खोचली. “घाला तीर्थ.”

महाराजांनी तीर्थ ओतलं. अंधार. पुन्हा ओतलं. मंत्र म्हटला, मग तोच मोठ्यानं म्हटला. अंधार.

“महाराज, लाइट गेली काय?” कोणीतरी मागून विचारलं.

आधी एक हसला, मग दहा. महाराजांचा तोल गेला. “ह्या बाईनं दिव्याचा जीव काढून घेतलाय! पट्टीशिवाय कसा पेटेल?”

आई शांतपणे म्हणाली, “मग तीर्थ कशाला पाजलंस मला?”

एका बाईनं उठून काळं कापड ओढलं आणि भसकन ऊन आत आलं. पडद्यामागं नव्याकोऱ्या पट्ट्यांची खोकी होती आणि खडेमिठाची पोती. सात समुद्र दोन पोत्यांत मावले होते. आम्ही जादूटोणाविरोधी कायद्याखाली तक्रार दिली. खटला चालेल तेव्हा चालेल. गावातले काही जण अजून म्हणतात, “महाराज खरे होते, चेल्यांनी घोळ केला.” म्हणोत. त्यांच्या गोळ्या चालू आहेत ना, एवढं मात्र मॅडम आणि मी दारोदार जाऊन विचारून आलो.

दिव्याचा काही दोष नव्हता. पुरात, ढगाळ दिवसांत, जिथं सूर्य पोचत नाही तिथं तो उपयोगी पडणारी चांगली वस्तू आहे. माणसांनी डोकं चालवून केलेली. तिच्या कर्त्यांनी कधी पाया पडून घेतलं नाही. पाया पडून घेतलं त्यानं, ज्याला त्यातलं काहीच बनवता येत नव्हतं.

आईचा डावा हात काही परत आला नाही. भाकरी आता मी थापतो, ती बघते आणि नावं ठेवते. भरल्या मंडपात बॅटरी शोधण्याचं धाडस मी केलं, पण घरात तिच्या गोळ्यांची डबी उघडून बघायचं मला सुचलं नाही. म्हणून शहाण्यांनाही सांगणं आहे: बुवाला हरवण्याआधी आपल्या माणसाशी बोला. आणि सगळ्यांनाच सांगणं आहे: चमत्कार दिसला की हात जोडू नका. एकच गोष्ट बदलून तो पुन्हा करायला सांगा.