तीन ते अकरा

इटेनच्या या पळणाऱ्या पोरींच्या कॅम्पात मी सोळा वर्षं मक्याच्या पिठाची उगाली घोटतेय. कोण किती खातं, कोण घोरतं, कोण झोपेतही पाय हलवतं, सगळं मला ठाऊक. पोरी मला कोगो म्हणतात, आजीच्या मायेनं. म्हणून कालचा पोरगा येऊन जेव्हा म्हणाला की जेरोतिच नावाची आमची पोर झोपत नाही, तेव्हा माझं डोकंच सणकलं.

तो पोरगा म्हणजे मार्टेन, परदेशातला नवा मॅनेजर. तीन आठवड्यांपूर्वी त्यानं सगळ्या पोरींच्या मनगटावर काळी घड्याळं बांधली. रात्रीची सलग झोप मोजतात म्हणे. हिरवं आलं तर पळा, लाल आलं तर पडून राहा. बाकीच्यांचं हिरवं यायचं आणि जेरोतिचचं रोज लाल. ‘झोप दोन तास. आज विश्रांती घ्या.’ कोचनं तिचं जोराचं पळणंच बंद केलं. घड्याळापुढे त्या बिचाऱ्याचं काय चालणार?

युरोपातल्या मॅरेथॉनला कॅम्पातली एकच मुलगी जायची होती. नाव आज दुपारच्या आत पाठवायचं होतं. जेरोतिचचं गेलं नाही, तर तिची खाटही नव्या पोरीला मिळणार होती. चार वर्षं ती त्या एका नावासाठी पळाली होती.

सकाळची धाव झाली, चहा झाला, पोरी रोजच्यासारख्या दुसऱ्या झोपेला गेल्या. जेरोतिच तेवढी माझ्या स्वयंपाकघराबाहेरच्या बाकावर बसून राहिली. डोळे सुजलेले, हातात गार झालेला चहा. तेवढ्यात शेजारच्या एल्डोरेट शहरातून मार्टेन आला, हातात फोन घेऊन.

“काल पुन्हा दोन तास,” तो आमच्या भाषेत म्हणाला. स्वाहिली बोलायची त्याला भारी हौस. “रात्री तीनपर्यंत करतेस काय तू?”

“काही नाही साहेब. तीनला आडवी होते.”

“म्हणजे कबूल आहे तुला!”

“त्यात कबूल काय करायचं?” पोर गोंधळली. “पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की तुम्हाला. तीनला झोपते, अकराला उठते.”

मला राहवेना. हातातलं उलथणं तसंच घेऊन मी बाहेर आले. “मी साक्षीदार आहे! रोज बरोब्बर तीनला हिच्या खोलीतला दिवा मी स्वतः मालवते. अकराला दार वाजवून मीच उठवते. आता बोल!”

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी चोराची आई. “तुम्हाला माहीत होतं, कोगो? आणि तुम्ही गप्प बसलात? मी येतो तेव्हा ही झोपलेलीच असते, तेव्हाच मला शंका आली होती.” आणि तो फोनवर दुसऱ्या पोरीचं नाव शोधायला लागला.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे! वाचवायला गेले आणि मीच तिला बुडवलं. पण कशानं बुडवलं, तेच कळेना.

“अरे, थांब जरा!” मी ओरडले. “एवढी घाई कसली? आत्ता कुठे चार वाजतायत. दुपारला अजून दोन तास आहेत.”

“चार?” त्यानं फोन माझ्यासमोर धरला. “दहा वाजलेत कोगो.”

“दहा? डोकं ठिकाणावर आहे का? दहाला गुरं घराकडे वळतात! सूर्य उगवून आत्ता कुठे चार तास झालेत.”

त्यानं बोटांवर काहीतरी मोजलं, पुन्हा मोजलं.

“मग... रात्रीचे तीन म्हणजे?”

“दिवस मावळून तीन तास. आणखी काय? पहाटेपर्यंत जागायला आम्ही काय भुतं आहोत?”

“नऊ,” तो हळूच म्हणाला. “नऊ ते पाच. आणि मी घड्याळात झोपेची वेळ तीन ते अकरा घातली. पहाटेचे तीन. मोजले गेले फक्त तीन ते पाच.”

“बाकीच्या पोरींसारखं हिलाही सरळ इंग्रजीत विचारलं असतंस तर नऊच म्हणाली असती ती! पण तुला हौस दांडगी!”

त्यानं वेळ बदलली. फोननं पहिल्यापासूनच्या रात्री पुन्हा मोजल्या. आठ तास, साडेआठ, आठ. सगळं हिरवं. तो हसला, मीही हसले. मग त्याचं बोट अडखळलं. दुसऱ्या आठवड्यात सात. मग पाच. चार. काल रात्री दोन.

“काल खरंच दोन?”

जेरोतिचनं मान खाली घातली. “लाल दिसलं की वाटायचं, मी झोपलेच नाही. मग आज तरी झोप येते का, तेच बघत पडून राहायचे.”

दिवा मी मालवत होते. डोळे मिटलेत का, ते कधी पाहिलंच नाही. आणि साक्ष द्यायला मात्र तोऱ्यात पुढे!

“आता तर हे खरंच लाल आहे, कोगो,” मार्टेन म्हणाला. “शर्यत दहा दिवसांवर आली.”

मी पोरीच्या मनगटाचा पट्टा सोडला आणि घड्याळ त्याच्या हातावर ठेवलं. “पहिल्या आठवड्यात ही झोपत होती, हे तुझंच यंत्र सांगतंय ना? झोप हिची कुणी मोडली, तेही त्यालाच विचार.”

त्यानं पहिल्या आठवड्याचे आकडे पुन्हा चाळले. मग त्यानं नाव लिहिलं. मी वाकून पाहिलं: जेरोतिच. पाठवलं त्यानं.

तिला सांगायला वळले, तर पोर भिंतीला टेकून झोपलेली. ऊन अंगावर, तोंड उघडं. मी कप हळूच काढून घेतला.

“कागदावर हिची सही लागेल,” तो कुजबुजला. “कधी उठेल?”

“अकराला.”

“तुमच्या की माझ्या?”

“माझ्या. ऊन उतरेल तेव्हा.”

त्यानं पेन खिशात ठेवलं आणि पाय न वाजवता फाटकाकडे गेला.