हिरामणचा हप्ता

हिरामण बँकेत शिरला तो पेढ्यांचा पुडा घेऊनच. सातपूरच्या कारखान्यात प्रेसखाली त्याच्या उजव्या हाताची चार बोटं गेली, पाठोपाठ नोकरी गेली, आणि अपंगत्वाची पेन्शन सुरू व्हायला वेळ लागला. तोवर किराणा, वीजबिल, पोरीची फी, सगळं क्रेडिट कार्डावर निभावलं. पुढे पेन्शन जमा झाली रे झाली, की त्याच दिवशी तो कार्डाचा हप्ता भरायचा. दोन वर्षांत एकही चुकवला नाही. त्याच्या हिशेबानं आज सगळी फिट्टंफाट झाली होती.

घरी तृप्ती वाट बघत होती. पहाटेच्या अंधारात उठून ती कुसाबाईंच्या मेसवर ढीगभर पोळ्या लाटायची आणि दुपारी घरी ब्लाऊज शिवायची. खांदा पार कामातून गेला होता. कार्ड फिटलं की मेस सोड, असं हिरामणनंच तिला कबूल केलं होतं. आज संध्याकाळी कुसाबाईंना काय ते सांगायचं होतं.

बँकेतल्या मृण्मयी मॅडमनी पेढा घेण्याआधी कॉम्प्युटरमध्ये डोकं घातलं.

"काका, दर महिन्याला किती भरत होता?"

"बिलावर छापलेली असती ना, कमीत कमी रक्कम. तोच आपला हप्ता."

"तो हप्ता नसतो, काका. ते पैसे जवळजवळ सगळे व्याजातच जातात. मुद्दल आहे तिथंच आहे."

फ्रिज घेतला तेव्हा हप्ता, शिलाई मशीन घेतली तेव्हा हप्ता. हप्ता म्हटला की तो एक दिवस संपतो, एवढं हिरामणला पक्कं ठाऊक होतं. न संपणारा हप्ताही कुणी काढला असेल, हे त्या बिचाऱ्याच्या डोक्यात कशाला येईल? ती कमीत कमी रक्कम ठळक अक्षरांत छापायची शक्कल ज्यानं काढली, त्याला महिनाभर कुसाबाईंच्या पोळ्या लाटायला बसवलं पाहिजे.

हिरामणला पैशांपेक्षा दुसरंच मनाला लागलं होतं. बोटं गेल्यापासून घरातलं एवढं एकच काम त्याच्याकडे उरलं होतं, आणि तेच चुकलं होतं.

मॅडमनी मात्र खुर्ची पुढे ओढली. "एकही महिना चुकला नाही तुमचा, म्हणून एक करता येईल. कार्ड बंद करू आणि राहिलेल्या रकमेचे खरे हप्ते पाडू. व्याज निम्म्याहून कमी. आता भरताय जवळपास तेवढेच भरा, तीन वर्षांत संपेल."

"नक्की संपंल ना?"

"शेवटची तारीख छापून देते," मॅडम म्हणाल्या, आणि मग त्यांनी पेढा घेतला.

घरी येऊन हिरामणनं एका दमात सगळं सांगून टाकलं आणि बोलणी खायला मान खाली घालून बसला.

"दोन वर्षं कुणाला इचारलं का नाय तुम्ही?"

"लाज वाटली. एवढं तरी आपल्याला जमतंय, असं वाटायचं."

तृप्तीला राग आला होता, चांगला सणसणीत. तरी तिनं आधी कामाचं विचारलं. "आन् मी मेसवर जाऊ का नको?"

इथं तो अडखळेल असं तिला वाटलं होतं. पण वाटेत त्यानं सगळा हिशेब करून ठेवला होता.

"नको. हप्ता पेन्शनमधून जाईल, बाकी तुझ्या ब्लाऊजवर. ओढाताण व्हईल, पण भागंल."

तृप्तीनं लगेच फोन लावला. "कुसाबाई, उद्यापासून दुसरी बघा." फोन ठेवला आणि मग जेवण होईपर्यंत तिनं हिरामणला मनसोक्त झापलं. त्यानं ते ऐकत दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे तो सवयीनं जागा झाला. एरवी या वेळेला तिची बाजू रिकामी असायची. आज तृप्ती चक्क घोरत होती. तिची झोप मोडेल म्हणून हिरामण उजाडेपर्यंत कुशीसुद्धा न बदलता पडून राहिला.