जोखमीची गल्ली

आमच्या नकाशा कचेरीत एक अलिखित नियम होता. जी गल्ली पायी फिरून पाहायची राहिली, तिला तात्पुरता राखाडी रंग द्यायचा. राखाडी म्हणजे जोखमीची. रंगाचा रकाना रिकामा ठेवला तर संगणक पुढे सरकत नसे, आणि साहेब डोक्यावर बसलेले. गेल्या वर्षी पाय दुखत होते म्हणून शेवटची गल्ली मी बसल्या जागी राखाडी करून टाकली. तिथे माझी धाकटी बहीण राहते, हे मला चांगलं ठाऊक होतं. नंतर बदलू म्हटलं आणि विसरलो. मी असाच आहे.

तो नकाशा सगळ्यांच्या फोनवर गेला. आधी टॅक्सीवाले गल्लीच्या तोंडाशीच थांबू लागले. मग दिवे दुरुस्त करणारा येईनासा झाला. दुकानदारांनी एकेक करून गाशा गुंडाळला. परवा बहिणीचा फोन आला. तिला आठवा महिना, नवरा परगावी, रक्तदाब वाढलेला. आणि तो तपासायला घरी येणाऱ्या नर्सबाईंना आता जोखमीच्या भागात जायची मनाई.

साहेबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, पाहणी करून ये, फॉर्म खरा भरलास तर सही करतो. मला वाटलं, तासाभराचं काम.

काल भर दुपारी गल्लीत शिरलो आणि माझी चाल आपोआप वाढली. दिवे फुटलेले. शटरं खाली. एका दारात म्हातारे गृहस्थ उभे होते, त्यांना नमस्कार केला, तर त्यांनी घाईने आत जाऊन कडी लावली. ते मला घाबरले होते आणि मी त्यांना. फॉर्मवर लिहीत गेलो. चालू दिवे, शून्य. बंद घरं, अकरा. रस्त्यावर माणसं, मी धरून एक. खरं लिहावं, तर गल्ली राखाडीच राहणार. खोटं लिहावं, तर उद्या नर्सबाई इथून एकट्या येणार.

बहिणीने साखळी न काढताच दार किलकिलं केलं. चेहरा सुजलेला.

"दादा, झालं का रे काम?"

मी म्हणालो, "तू आधी माझ्या घरी चल. आत्ताच्या आत्ता."

"मी पण गेले तर इथे राहिलं कोण?"

मी तिची पिशवी उचलली. तिने दाराला कुलूप लावून दोनदा ओढून पाहिलं. मी फॉर्म काढला, अकरा खोडले आणि बारा लिहिले.