साहेब मोरी बघायला येणार

आमच्या तांड्याच्या रस्त्याखाली एक मोरी आहे. मोरी म्हणजे सिमेंटचा जुना नळा. नाल्याचं पाणी रस्त्याखालून पलीकडे जावं म्हणून टाकलेला. तो गाळानं पार बुजला आहे. जोराचा पाऊस झाला की पाणी रस्त्यावरून वाहतं, म्हणून एसटीवाले तांड्यावर गाडी घालत नाहीत. आणि बस नाही तर निलमला कॉलेज नाही, असं आमच्या मालकांनी, म्हणजे शंकरसिंगांनी, जाहीर करून टाकलेलं. निलम आमची लेक, बारावी चांगल्या मार्कांनी पास. मी गावची सरपंच. गावभर पोरी शिकवा म्हणून सांगत फिरायचं आणि स्वतःच्या घरात गप्प बसायचं, याचा मला मनस्वी राग यायचा.

पोळा झाला आणि तालुक्याच्या इंजिनिअरचा, सोमेश्वरसाहेबांचा, फोन आला. गावोगावचे रस्ते, टाक्या, मोऱ्या ते मोबाईलात चढवत होते. मोबाईलात असेल त्याच कामाला मंजुरी, आणि आज शेवटचा दिवस. "सरपंचबाई, मोरी साफ करून ठेवा. दोन्ही तोंडं दिसली पाहिजेत," ते म्हणाले. मला इतका आनंद झाला की चप्पल उलटसुलट घालून मी साहेबांना आणायला फाट्यावर पळाले. जाता जाता मालकांना सांगितलं, भोंग्यावरून माणसं बोलवा, फावडी घेऊन.

घरात आम्ही आमच्या बोलीत बोलतो, पण भोंगा हातात आला की मालकांना सरकारी मराठी चढते. माझ्या माघारी ते म्हणाले, "समस्त तांडावासीयांना कळविण्यात येते की, साहेब मोरी बघायला येत आहेत. तरी मोरी स्वच्छ ठेवावी." फावड्याचं नाव नाही.

मला घेऊन साहेबांची जीप मोरी ओलांडून थांबली. तिथं चिटपाखरू नव्हतं. सोमेश्वरसाहेब उतरून मागे आले.

"मोरी कुठाय?"

"तुमी तिच्यावरच उभे हाव."

"मला तर नुसता रस्ता दिसून राहिला. तोंडं दिसल्याबिगर फोटो न्हाई, फोटोबिगर नोंद न्हाई."

साहेब हट्टा गावचे. गावाचं नाव माणसात उतरतं ते असं.

मी तणतणत तांड्यात चढले, साहेब माझ्या मागे. बघते तर काय, नळाला पाणी आलेलं आणि घराघरात बाया मोरी घासताहेत. आंघोळीची मोरी! मालकांच्या चुलतीनं, रुक्माबाईनं, तर फिनेल टाकून बाहेर रांगोळी काढली होती. तिनं साहेबांना हाताला धरून आत नेलं.

"साहेब, आमची आधी बघा. बादल्या बी घासल्यात."

साहेबांनी वाकून पाहिलं. "चांगली हाय," ते बिचारे म्हणाले. मी मालकांकडे असं बघितलं की ते भोंग्याच्या खांबामागे सरकले.

तेवढ्यात खालून निलम आईला, म्हणजे मला, हाका मारत धावत आली. "याडी, रस्त्यावर पाणी चढून राहिलं!"

तांडा उतारावर. सगळ्या घरांचं घासण्याचं पाणी एकदमच खाली उतरलं होतं आणि रस्त्याच्या कडेला वाट शोधत होतं. आता कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. बाया फावडी, टोपली, जे हाताला लागेल ते घेऊन धावल्या. मालकही उतरले. साहेबांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली. चिखल उडत होता, जो तो दुसऱ्याला हुकूम सोडत होता, आणि एकाएकी घळ्ळकन आवाज झाला. पाणी नळ्यात शिरलं आणि पलीकडून गाळ घेऊन बाहेर आलं. मी निलमला मिठी मारली.

साहेबांनी दोन्ही तोंडांचे फोटो काढले आणि बोलत बोलत मोबाईलात भरलं, "स्थिती, चालू."

"चालू म्हंजी?"

"पाणी जातंय की, सरपंचबाई. चालू मोरीला पैसा मिळत न्हाई."

"आवो साहेब, नळा तडकेल हाय. गाळानंच धरून ठेवला होता त्याला."

"डोळ्याला दिसंल तेच मी लिहितो. फाट्यावर रेंज आली की पाठवून देतो."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आम्हीच उकरून आमचं काम बिघडवलं होतं. साहेब जीपमध्ये बसले, गाडी वळवली आणि मोरीवर घेतली.

कडाड करून नळा फुटला आणि जीपचं मागचं चाक रस्त्यात रुतलं.

कुणी हसलं नाही. साहेब तिरके होऊन उतरले. त्यांनी त्या खड्ड्याचा फोटो काढला, "चालू" पुसलं आणि मला दाखवून लिहिलं, "नवीन बांधणे."

मग अख्खा तांडा जीपला लागला. मालक माझ्या शेजारीच ढकलत होते, कानापर्यंत चिखलानं माखलेले.

"आता बस येतीच," ते म्हणाले. "निलमचं नाव घालून टाक कॉलेजात."

"परवाच घातलंय," मी म्हटलं. "ढकला."