बिनचिठ्ठीच्या बाटल्या

“चाचा, आता अंधारात शिरून राह्यली मी,” डोळ्यांवर गेमचा चष्मा चढवलेली मयुरी म्हणाली.

वाहेद आपल्या घरात बसून समोरच्या पडद्यावर तिचा खेळ बघत होता. नांदुऱ्याच्या बाजारात उभी हयात अत्तर विकलेला हा माणूस, पण मागच्या तापातून उठला तेव्हापासून त्याला कशाचाच वास येत नव्हता. हे त्यानं बायकोलाही सांगितलं नव्हतं. अत्तरवाल्याचं नाक गेलं असं कळलं तर त्याच्याकडून अत्तराचा फाया कोण घेणार?

मोताळ्याच्या मयुरीनं बनवलेला गेमही मोठा चमत्कारिक. कापसाच्या जिनिंगला आग लागलेली, डोळ्यांना काही दिसत नाही, नाकावर भरवसा ठेवून बाहेर पडायचं. धुराचा वास आला की मागं फिरायचं, ओल्या मातीचा आला की तिकडं दार. हनुवटीखालच्या डबीतून हे वास सुटायचे. डबीतले अर्क तिच्यासाठी सकाळी वाहेदनंच भरले होते. बाटलीला चिठ्ठी लावणं त्याला पहिल्यापासून कमीपणाचं वाटे. हल्ली तो पेटीतल्या जागेवरून बाटल्या ओळखायचा आणि आजवर ते निभावलं होतं.

“माती आली! सापडलं दार!” मयुरी पुढं सरकली आणि समोरचा पडदा लालभडक झाला. “अवो चाचा, मी तं जळून गेली!”

चष्मा काढून ती हसली. “अदलाबदल झाली वाटते.” मग दोन बाटल्या उघडून तिनं त्याच्या नाकाशी धरल्या. “तुमचं नाक पक्कं. यातला धूर कोणता?”

वाहेदनं श्वास ओढला. नुसती हवा. पुन्हा ओढला. हवाच. आता सगळं संपलं, असं त्याला वाटलं.

“त्यायले काऊन विचारतं, बाई?” त्याची बायको चांदबी आतून आली. “काल पेटी पुसली मी. बाटल्या इकडच्या तिकडं झाल्या. माहीच चूक.” तिनं एक बाटली हुंगून मयुरीच्या हातात दिली. “हा घे धूर.”

मयुरी गेल्यावर वाहेद भिंतीला टेकून बसला.

“तुले कधी समजलं?”

“गॅसवर दूध करपलं त्या दिवशी. तुमी बाजूलेच बसले होते.”

“मंग बोलली काऊन नाही?”

“तुमी सांगसान म्हणून थांबली होती.”

त्याला रडू आलं. लाज वाटली, हायसंही वाटलं. भीती मात्र तशीच होती.

चांदबीनं पांढरी चिकटपट्टी आणली. ती एकेक बाटली हुंगून नाव सांगू लागली, तो पट्टीवर लिहू लागला. मेंदीच्या अत्तराच्या, हिन्याच्या बाटलीशी त्याचं पेन थांबलं.

“कसा हाये वास?”

“होता तसाच हाये.”

त्यानं पट्टीवर ‘हिना’ लिहिलं.