विमा कार्डावरची आई

विम्याच्या कचेरीतल्या कारकुनानं नंदाबाईला गेल्याच आठवड्यात स्पष्ट सांगितलं होतं, की बाई, तुमच्या कार्डावर आई बसते, वडील बसतात, सासू बसत नाही. सरकारनं सासू धरलेलीच नाही.

साल चौऱ्याहत्तर. नंदाबाई लोणावळ्याच्या एका कारखान्यात बरण्यांना झाकणं बसवायची. दर महिन्याला पगारातून विमा कापला जायचा, आणि सहा वर्षांत तिला साधं पडसंही झालं नव्हतं. आजारी पडली ती सासू, बयाबाई. पोटात गाठ. पुण्याच्या मोठ्या दवाखान्यानं ऑपरेशनला पाच महिन्यांनंतरची तारीख दिली, आणि तिथल्याच डॉक्टरनं हळूच सांगितलं, इतकं थांबू नका. विम्याच्या दवाखान्यात आठवड्यात काम झालं असतं. नवरा, हनुमंत, ट्रकखाली गेल्यापासून घरात दोघीच. एकीचं काही झालं तर दुसरीला भांडायलासुद्धा कोणी उरणार नव्हतं.

मग नंदाबाईनं ठरवलं. तिची आई रतनबाई तिच्या लहानपणीच गेलेली, त्यामुळे कार्डावरची जागा रिकामी होती. त्या जागी बयाबाईला बसवायचं. कारकुनाकडं रोज पन्नास माणसं येतात, त्याला काय आठवणार.

वडगावला गाडीत चढल्यापासून उजळणी सुरू झाली.

“नाव?”

“रतनबाई.”

“गाव?”

“सुदुंबरं.”

“मालकाचं नाव?”

बयाबाई खिडकीबाहेर बघायला लागली.

“केरबा म्हनायचं, आत्याबाई.”

“अगं, आमच्या ह्यांचं नाव मी उभ्या जल्मात घेतलं न्हाई, आन् व्याह्याचं नाव मालक म्हनून घेऊ? वर गेल्यावर ह्यांनी इचारलं तर काय सांगू?”

“सांगा, सरकारी काम व्हतं.”

बयाबाईला हसू फुटलं, आणि लगेच पोट दाबून धरावं लागलं. “आन् तू मला तितं आत्याबाई म्हनू नगंस. समदं मलाच शिकवतीस.”

मळवली येईस्तोवर पोरं किती, घराचं तोंड कुणीकडं, अंगणात झाड कसलं, सगळं पाठ झालं. नंदाबाईला हुरूप आला. लोणावळ्याच्या कचेरीतल्या बाकावर दोघी मायलेकींसारख्या खेटून बसल्या.

कारकून फाइल आणायला आत गेला आणि आतूनच ओरडला, “झुंबर केरबा कोण?”

दोघी बसूनच राहिल्या.

“अहो, झुंबर कोण?”

बयाबाईनं मागं वळून दाराकडं पाहिलं. नंदाबाईनंही पाहिलं. दारात कोणीच नव्हतं. मग नंदाबाईच्या डोक्यात उजेड पडला. नोकरीला लागताना वयासाठी शाळेचा दाखला जोडला होता. त्यावर तिचं माहेरचं नाव होतं. लग्नात ते बदललं त्याला एकवीस वर्षं झाली. त्या नावानं हाक मारणारं कोणी राहिलंच नव्हतं.

“मीच ती,” ती उठून म्हणाली.

कारकून फाइल घेऊन बाहेर आला होता. दोघी दाराकडं वळल्या ते त्यानं पाहिलं होतं. “आजी, ह्या तुमच्या कोण?”

“लेक.”

“हिचं नाव काय ठेवलंत?”

“नंदा,” बयाबाई ठसक्यात म्हणाली. “मीच ठेवलं. देवाम्होरं साखर ठिवून ठेवलं.”

त्या सकाळी ती बोललेलं तेवढंच खरं होतं.

कारकून वाईट माणूस नव्हता. त्यानं अर्ज परत सरकवला. “हा मी घेतलाच नाही. घेतला तर तुमची नोकरी जाईल, बाई. पुण्याची तारीख आहे ना? थांबा तोवर.”

“थांबू नका म्हनत्यात डॉक्टर.”

“मग मी काय करू, सांगा.”

तो खरंच विचारत होता. नंदाबाईनं अर्जाची घडी घातली.

परतीची गाडी यायला अवकाश होता. फलाटावरच्या बाकावर बयाबाई पोटाशी पाय घेऊन बसली.

“झुंबर,” ती म्हणाली. “आईनं ठेवल्यालं?”

“व्हय.”

“ब्येस व्हतं की गं. आमी कशापायी बदाललं?”

“रीत व्हती.”

बयाबाई बोटांवर महिने मोजत होती. एका हाताची बोटं संपली.

“दिवाळी सरंल म्हन की. तवर ऱ्हाती का गं मी?”

‘ऱ्हाताल की’ म्हणायला नंदाबाईनं तोंड उघडलं. पण सकाळपासून इतकं खोटं बोलून आणि वदवून झालं होतं, की तेवढं एक काही तिच्या तोंडून निघेना.